वकीलबाईंनी दिलेला सराव

प्रिय ताईस, धाकटीचा नमस्कार.

आईचे गुडघे कसे आहेत? हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस.

यंत्रात माझा डावा हात सापडला, त्याची भरपाई अडली आहे. कंपनीच्या डॉक्टरांनी "कसं काय?" विचारलं आणि मी सवयीने "बरं आहे" म्हणाले. त्यांनी तेच कागदावर लिहिलं.

वकीलबाई चिडल्या. "अहो, डॉक्टर काय पाहुणे आले होते? सोमवारी भरपाई ठरवणाऱ्या साहेबांसमोर खरं सांगा. घरी कुणाला तरी सांगून सराव करा."

खोलीत कोण आहे? म्हणून तुलाच सांगते. ताई, दोन बोटं वळत नाहीत. वेणी घालता येत नाही. फार दुखतं गं.

आधी 'थोडंसं दुखतं' लिहिलं होतं, ते खोडलंय.

तुझीच,
धाकटी