गदेवरची कोरी कडी

वस्ताद, तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली. काल पारोळ्याकडच्या यात्रेत मी गदेला हात लावला. तुम्ही असता तर आधी विचारलं असतंत, कशासाठी? कुस्तीसाठी नाही. सलग दोन वर्षं गदा जिंकलेला धरणगावचा पहिलवान आखाड्याच्या कडेला ती शेजारी ठेवून बसला होता, बायकांच्या बाजूला त्याची बहीण होती, आणि माझ्याकडे बघून तो सगळ्यांदेखत म्हणाला, "कॉलेज तर अर्धं सोडलं, कुस्ती तरी पुरी करशील का?" लोक हसले. ती हसली की नाही ते बघायचं भानच राहिलं नाही, डोकं तापलं होतं. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं तसं मी धुळ्याचं कॉलेज टाकलं, हे त्याला माहीत आहे. मी तसाच उठलो आणि गदेला हात लावला. हात लागला की आव्हान झालं, ते मागं घेता येत नाही. कुस्ती उद्या आहे.

"हात लावला तर नीट बघ तरी," म्हणून गदा सांभाळणाऱ्या नानांनी ती माझ्या हातात दिली. दांड्यावर पितळेच्या कड्या, दर सालची एक. तिच्यावर जिंकणाऱ्याचं नाव नाही, त्याच्या गावाचं. नानांचं बोट एकेका कडीवरून सरकत होतं. पहिली धरणगावची. पुढं एका कडीवर दोन गावं, कारण त्या साली कुस्ती बरोबरीत सुटली आणि गदा सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे राहिली. मग त्याच दोन गावांत भांडण पेटलं, गदा पिठाच्या गिरणीत पडून राहिली, त्या सालांच्या कड्याच नाहीत. "हाई गदा बठ्ठास्नी शे," सगळ्यांचीच आहे असं नाना म्हणाले, "म्हनीसन कोनंच नाव नही." त्यानंतर एक कडी कोरी. ही कोणाची, मी विचारलं. "तुले माहीत नही? तुना वस्तादनी शे ती."

नानांनी सांगितलं, तुमच्या पकडीत समोरच्याची मान मोडली. तुम्ही जिंकलात, पण कडीवर गाव कोरू दिलं नाहीत. तो पुढं आठ वर्षं पारोळ्यात खाटेवर होता म्हणे. दर सोमवारी तुम्ही दुधाची किटली घेऊन पारोळ्याच्या एस.टी.त बसायचात. वस्तादांचं तिकडं काहीतरी आहे, असं म्हणून आम्ही पोरं मागं हसायचो.

कालपासून मेहरूणच्या तालमीतला तो दिवस सारखा डोळ्यांसमोर येतो. मी सतरा वर्षांचा आहे. जोडीदारानं मला दोनदा चीत केलंय आणि वर आईवरून काहीतरी बोललाय. मी त्याची मान काखेत घेतो आणि पिळतो. तुम्ही धावत येता, माझ्या कानाखाली जाळ काढता. मग आधी त्याची मान बोटांनी चाचपून बघता. "दुसऱ्याची मान तुला कोणी दिली रे?" एवढंच बोललात. चाळीस दिवस मला कोणाच्या अंगाला हात लावू दिला नाहीत, नुसती माती उकरायला लावलीत. त्यानंतर त्या पकडीतून सुटायचं कसं ते शिकवलंत. हनुवटी छातीला लाव, त्याचं कोपर दोन्ही हातांनी धर, खाली बस.

वस्ताद, ती पकड अंगातून गेलेली नाही. डोकं तापलं की हात आपोआप मानेकडं जातो. हरायची भीती नाही वाटत. उद्या तो मातीत परत काहीतरी बोलेल, याची वाटते. आणि ती तिथंच बसलेली असेल.

म्हणून आज दुपारी धरणगावला त्याच्या घरी गेलो. कुस्तीच्या आधी समोरच्याच्या उंबऱ्यावर कोणी जात नाही, त्याच्या आईला वाटलं मी भांडायलाच आलो. तरी म्हणाली, "बस, चहा पे." मी उभ्या उभ्याच त्याला सांगून टाकलं, माझा हात मानेवर जातो, सुटायचं कसं ते आत्ताच शिकून घे. तो हसून म्हणाला, "घाबरी ग्या का रे?"

"हो," मी म्हटलं. असं मी आजवर कोणापुढं म्हटलं नव्हतं.

अंगणात उभं राहून दाखवलं. हनुवटी, कोपर, खाली बस. दोनदा त्याला नीट जमलं. तिसऱ्यांदा त्याची मान माझ्या काखेत होती, तेव्हा तो खालूनच म्हणाला, "जवाई व्हाले उना अन् मास्तर हुईसन चालना!" जावई व्हायला आलेला मास्तर होऊन चालला, यावर त्याची आई हसली. आतून आणखी कोणाच्या तरी हसण्याचा आवाज आला.

ही चिठ्ठी तालमीत तुमच्या फोटोमागं ठेवायची होती. पण पोरं तिथं रोज हार घालतात, कोणीतरी वाचेल, म्हणून ठेवणार नाही. तिसऱ्यांदाही तो सुटला. मला टाळी दिली, चहा संपवला, त्याला काही कळलं नाही. पण तो बोलला त्या वेळी मी त्याला शिकवत नव्हतो, वस्ताद. मी जरा जास्तच दाबलं होतं.