उप्पीट, हेच, तीन वेळा

नवनगर, हुबळी
२२ जून २०२५

ती. रुक्मिणीमावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार, तो कागदावरच गोड मानून घे. खरा घालायला माझी ना नाही, आडवं पडणं मला हल्ली फार सोपं जातं. पुन्हा उठायची पंचाईत होते. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहिते याचं कारण तुला ठाऊक आहे. तुझ्या डाव्या कानाने केव्हाच राजीनामा दिला आणि उजवा रजेवर असतो. तुला ऐकू जावं म्हणून मी ओरडले की मलाच गरगरतं. मग तू काय झालं काय झालं म्हणून विचारतेस आणि मला पुन्हा ओरडावं लागतं.

तू कराडला परत गेल्यापासून डॉक्टरांचं पथ्य कडक पाळलं जातंय. सकाळी उप्पीट, डब्यात उप्पीट, रात्री उप्पीट. अण्णा स्वतः करतात, आणि तेही अळणी. त्यांना बीपी निघाल्यापासून आपल्या घरात मिठाला बंदी आहेच. त्यात माझ्या नव्या गोळीच्या पाकिटावर त्यांना स्वतःच्या गोळीचं भावकीतलं नाव दिसलं. म्हणजे हीसुद्धा बीपीची गोळी, म्हणजे मीठ बंद, असा निकाल त्यांनी दिला. शिरस्तेदार म्हणून कोर्टात जन्म गेला, पण निकाल द्यायची हौस घरी भागवतात.

दिवाळीतल्या त्या तापापासून जे सुरू झालंय ते काही थांबत नाही. बसले असले की मी ठणठणीत. उभी राहिले की काळीज चोर मागे लागल्यासारखं पळत सुटतं, डोळ्यांपुढे अंधार येतो आणि पाय माझे राहत नाहीत. डॉक्टरांना संशय आहे, पण सगळे रिपोर्ट बघून पुढच्या खेपेला नाव सांगतो म्हणाले. बारशाला थांबतात तसे आम्ही थांबलो आहोत.

खरी काळजी शाळेची आहे. रायापूरच्या या शाळेत हिरेमठ मॅडम मुख्याध्यापिका म्हणून आल्यापासून वर्गातल्या शिक्षकांच्या खुर्च्या काढल्या आहेत. शिक्षक बसला की वर्ग झोपतो असं त्यांचं म्हणणं. गुरुवारी सहावी ब मध्ये मी अपूर्णांक शिकवता शिकवता सरळ टेबलाखाली गेले. शुद्धीवर आले तेव्हा सगळा वर्ग भोवती. खडू पडला होता तो शोधत होते असं सांगितलं. पोरं बिचारी तास संपेपर्यंत खडू शोधत होती, आणि तो माझ्या हातातच होता.

दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत माझी नोकरी कच्ची आहे. अण्णांनी बजावलंय की आणखी एकदा पडलीस तर नोकरी सोडायची आणि घरी बसायचं. मावशी, मला ही नोकरी आवडते. नुसती घरी बसले तर मीही अण्णांसारखी पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनने काढू लागेन.

तुझा लोभ आहेच, कान मात्र जप.

तुझी,
स्मृती

*

कराड
२ जुलै २०२५

चि. स्मृतीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. शेजारच्या सोनाबाईला मोठ्याने वाचायला लावलं, मग तिचं वाचन ऐकू येईना म्हणून स्वतःच वाचलं.

उप्पिटाला नावं ठेवू नकोस. त्या दिवशी दवाखान्यात तू आत तपासणीच्या त्या फिरत्या टेबलावर पट्टे बांधून पडली होतीस, अण्णा गाडी लावायला गेले होते, आणि डॉक्टर पथ्याचं जे काही सांगायचं ते मला एकटीला सांगून गेले. म्हैसूरकडचा माणूस, मराठीचा गंध नाही. पण मला कानडी येत नाही असं कोण म्हणतं? निम्मी कानडी मराठीच असते, कान देऊन ऐकायला हवं. ते म्हणाले उप्पीट, ते म्हणाले हेच, ते म्हणाले तीन, आणि शेवटी बेकु, म्हणजे पाहिजे. पाणी भरपूर पी हे तर त्यांनी ग्लास उचलून दाखवलं. मी हौद्री, म्हणजे होय, म्हटलं. आता यात चुकायला जागा कुठे आहे?

अण्णा अळणी करतात ते योग्यच. बीपी आणि मीठ यांचा छत्तीसचा आकडा असतो हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

सोनाबाईचं म्हणणं, रात्री धणे भिजत घालून सकाळी पाणी प्यावं. तिच्या जावेचं म्हणणं, तळपायाला तेल चोळावं आणि काळा दोरा बांधावा. मी म्हटलं बांध बाई, दोऱ्याला काही कडू चव नसते.

शाळेत मात्र अवाक्षर काढू नकोस. आजार चारचौघांत सांगायचा नसतो, पुढे लग्नाचं बघायचंय. फळ्याला टेकून शिकवावं. अगदीच वाटलं तर उपास आहे म्हणून सांगावं. उपासाच्या बाईला आपल्याकडे कोणी उभं ठेवत नाही. आठवड्याचे सगळे वार कोणत्या ना कोणत्या देवाचे आहेत, तुला कमी पडणार नाहीत.

अण्णांना सांग, लेकीवर ओरडू नका. बाकी क्षेम. पत्राला उशीर केलास तर मी पुन्हा राहायला येईन.

तुझी,
मावशी

*

नवनगर, हुबळी
१९ जुलै २०२५

ती. रुक्मिणीअक्का यांस,

प्रभंजनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्रास कारण की, काल डॉक्टरांकडे दुसरी तारीख होती. झालेलं कामकाज जसंच्या तसं आपल्यापुढे ठेवतो. निकाल आपणच द्यावा.

डॉक्टरांनी प्रथम रिपोर्ट पाहिले आणि आजाराचं नाव सांगितलं. डिसऑटोनोमिया. त्यातला पॉट्स नावाचा प्रकार. आपण उभे राहिलो की रक्त पायाकडे उतरतं, ते वर ढकलायचं काम शरीर आपल्याला न विचारता करतं. चिरंजीव स्मृतीच्या शरीरातलं ते खातं तापानंतर नीट काम करेनासं झालं आहे, म्हणून एकटं हृदय धावपळ करतं. जिवावरचं नाही, पण चिवट आहे. गोळी त्या हृदयाची धाव आवरण्यासाठी आहे. ती माझ्या गोळीच्या भावकीतली असली तरी काम वेगळं.

मग त्यांनी विचारलं, उप्पु कसं चाललंय. मी छाती पुढे काढून कानडीत सांगितलं की घरात मिठाचा खडा नाही, उप्पीटसुद्धा अळणी करतो. डॉक्टरांनी चष्मा काढला. कोणतं उप्पीट, म्हणाले. मी म्हटलं, आपणच सांगितलेलं, तीन वेळा.

अक्का, त्यांनी तुम्हाला सांगितलेलं वाक्य असं होतं: उप्पु हेच्चु तिन्नबेकु. आपल्या धारवाडकडे आम्ही जास्ती म्हणतो, ते हेच्चु म्हणतात. उप्पु म्हणजे मीठ. हेच्चु म्हणजे अधिक. तिन्नबेकु म्हणजे खायला पाहिजे. यातून आपण उप्पीट, हेच, तीन एवढं काढलंत. पोरीला मीठ वाढवायला सांगितलं होतं आणि मी महिनाभर ते तिच्या तोंडाला लागू दिलं नाही. स्मृती डॉक्टरांसमोर इतकी हसली की तिचे ठोके पुन्हा वाढले आणि डॉक्टरांनी तिला झोपवून ठेवलं.

आता एकाच घरात मीठ तिचं औषध आणि माझं विष. डॉक्टरांनी बजावलं आहे की हे तिच्यापुरतंच, मी बरणीकडे बघायचंही नाही. तिच्या पुढ्यात लोणचं, पापड, मीठ घातलेलं ताक. माझ्या पुढ्यात दुधी. शिवाय मांडीपर्यंतचे घट्ट मोजे आले आहेत. ते चढवताना ती घामाघूम होते, आणि वाळत घातले की शेजारचे गुरुराज विचारतात घरात कोणी पोलिसात लागलं का. सकाळी उठायचं तेही पायरी-पायरीने, आधी बसायचं, पाय हलवायचे, पाणी प्यायचं, मग उभं राहायचं. पूर्वी कोर्टातसुद्धा एवढी पद्धत नव्हती.

फरक दिसतो आहे. पण मंगळवारी शाळेच्या जिन्यात तिला पुन्हा अंधारी आली. कठडा धरला म्हणून पडली नाही. मी तिला नोकरी सोडायला सांगितलं आहे, आणि दोन दिवस ती माझ्याशी बोलत नाही. अक्का, मी भित्रा माणूस आहे. तुमच्या धाकट्या बहिणीला मी डोळ्यांदेखत गमावलं. पुन्हा तसं बघायची माझ्यात ताकद नाही. तुम्ही तिला समजवा, तुमचं ती ऐकते.

आपला आशीर्वाद असू द्यावा.

आपला,
प्रभंजन

*

कराड
२९ जुलै २०२५

चि. स्मृतीस अनेक आशीर्वाद, आणि ते अण्णांनाही दे. वि. वि.

अण्णांचं पत्र वाचलं. मला दोषी ठरवायची त्यांना फार घाई. मी म्हणते, उप्पीट मीठ घालून केलं असतंत तर डॉक्टरांचं आणि माझं, दोघांचंही खरं झालं असतं.

पण तुला एकटीला सांगते. डॉक्टर बोलत होते तेव्हा मला त्यातलं काहीच नीट ऐकू येत नव्हतं. पुन्हा सांगा म्हणायची लाज वाटली. नर्स उभी होती, लोक बसले होते, बहिरी म्हातारी आणलीय असं वाटायला नको म्हणून मी हौद्री हौद्री करत राहिले. मी लपवलं त्याचं उप्पीट झालं, आणि ते महिनाभर तुला गिळावं लागलं.

म्हणून मागच्या पत्रातला माझा सल्ला परत घेते. उपासाचं सोंग करू नकोस. पडून खडू शोधू नकोस. त्या हिरेमठबाईंना सरळ सांग आणि खुर्ची माग. फार तर नाही म्हणतील. लग्नाचं मी बघते. ज्याला बसलेली बायको चालत नाही त्याच्या घरी उभं तरी कशाला राहायचं?

अण्णांनी तुला समजवायला सांगितलंय. समजावलं असं त्यांना कळव.

सांडगे, ताकातल्या मिरच्या आणि लिंबाचं खारं लोणचं पाठवते आहे. लोणचं अण्णांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेव. माया आहेच, ती बरणीत मावत नाही.

तुझी,
मावशी

*

नवनगर, हुबळी
९ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस बसूनच नमस्कार. वि. वि.

पार्सल पोचलं. लोणचं वरच्या फळीवर ठेवलं होतं, म्हणून अण्णा स्टुलावर चढले. आता ते माझ्या कपाटात कुलपात आहे.

काल मी मॅडमकडे गेले. तू ते ऑफिस पाहिलेलं नाहीस. त्यांच्यासमोर दोन छान गाद्यांच्या खुर्च्या आहेत, पण त्या पालकांसाठी. शिक्षक उभे राहूनच बोलतात. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती, आणि त्या फोनवर बोलत राहिल्या. मी उभी. घट्ट मोजे होते, ताक पिऊन गेले होते, तरी कानात शिट्टी वाजायला लागली. आता पडते की काय असं झालं. मग मी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या डोक्यावरच बसले आहे.

जुळवलेलं सगळं मी विसरले. एवढंच म्हटलं, "मॅडम, उभी राहिले तर मी पडेन. बसले तर शिकवेन."

मग आजाराचं सगळं सांगितलं, खडूचंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. नियम एकीसाठी मोडला तर सगळ्याच मागतील म्हणाल्या. मग वेळापत्रक पुढे ओढून म्हणाल्या, सोमवारी दुसऱ्या तासाला एक दिवसापुरती खुर्ची देते, मी स्वतः येऊन बघते. वर्ग झोपला तर आपण दोघी समजून जाऊ.

मावशी, मला भीती वाटते. पण सांगून टाकल्यापासून गेले कित्येक महिने आली नव्हती अशी झोप आली. अण्णांना सोमवारचं सांगितलंय. त्यांनी लगेच रिक्षावाल्याला फोन केला.

तुझी आठवण सारखी येते, तशीच येऊ दे.

तुझी,
स्मृती

*

नवनगर, हुबळी
११ ऑगस्ट २०२५

ती. रुक्मिणीअक्का यांस,

साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र स्मृतीला न सांगता लिहीत आहे. आपणही तिला सांगू नये.

आज सकाळी मी रिक्षा घेऊन तिच्या शाळेत गेलो. खरं सांगायचं तर तिला घरी आणायलाच गेलो होतो. मॅडम नाही म्हणणार, पोरगी रडणार किंवा पडणार, आणि दोन्ही वेळी बापाने जवळ असावं असा हिशेब होता. फाटकावर हणमंत नावाचा शिपाई होता. मी टीचरचा बाप आहे म्हटल्यावर त्याने मला व्हरांड्यातून सहावी ब च्या खिडकीपाशी नेलं आणि गप्प उभं राहायला सांगितलं.

ती खुर्चीवर बसली होती. फळ्यापाशी एक मुलगी हातात खडू घेऊन उभी, आणि तिने अपूर्णांकांची बेरीज सपशेल चुकवली होती. अर्धा वर्ग चूक म्हणून ओरडत होता, अर्धा बरोबर म्हणून. स्मृती काहीच सांगत नव्हती. एकेकाला बोलवायची, तुझं म्हणणं काय, पुरावा काय, जा फळ्यावर सिद्ध कर. मुलं रांगेने येत होती, भांडत होती, खोडत होती. मागच्या बाकावरचा एक लठ्ठ मुलगा तर बाकावरच चढला. झोपायला कुणाला सवड नव्हती. हिरेमठ मॅडम मागच्या भिंतीशी हाताची घडी घालून उभ्या होत्या, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

घंटा झाली. मुलं जागची हलेनात, बेरीज अजून सुटायची होती. हणमंत खुर्ची परत न्यायला आत गेला. त्याने खुर्चीच्या पाठीला हात घातला, आणि मॅडम म्हणाल्या, "कुर्ची अल्ले इरली." मराठीत सांगायचं तर, खुर्ची तिथेच राहू दे. हे वाक्य मी नीट ऐकलेलं आहे, अक्का, यात दुसरा अर्थ निघत नाही.

मी तिला न भेटताच निघालो. रिक्षावाल्याने विचारलं, मुलगी कुठे आहे. मी म्हटलं, कामावर आहे.

येताना सगळ्या वाटेत एकच विचार डोक्यात होता. मी उभी हयात कोर्टात काढली. तिथे वकील उभे, साक्षीदार उभे, आरोपी उभा, आणि खुर्चीत एकटा न्यायाधीश. तो बसून असतो म्हणून काम करत नाही असं कधी कुणाच्या मनातही आलं नाही. मग माझ्या मुलीने बसायला मागितलं तेव्हा मलाच ती हरलेली का दिसली?

नोकरी सोड हे शब्द मी तिच्यापुढे पुन्हा काढणार नाही. संध्याकाळी ती येईल आणि मला सगळं पहिल्यापासून सांगेल. मी काहीच पाहिलं नाही असं दाखवून ऐकणार आहे.

आपली कृपा पोरीवर अशीच असावी.

आपला,
प्रभंजन