टाका ज्याचा, आग त्याची

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल शिवरात्र. निम्मं वसमत औंढ्याच्या जत्रेत, आणि आम्ही शॉपवर लोखंड ठोकत. हळदीची काढणी सुरू झाली की प्रत्येक शेतकऱ्याला ती शिजवायचा बॉयलर कालच हवा असतो. शेठ दिवसभर फोनवर: "उद्या देतो, शंभर टक्के उद्या." शेठचा उद्या कुठल्याच कॅलेंडरात सापडत नाही.

पण आजचा दिवस माझा! अप्रेंटिस म्हणून आले तेव्हापासून शिड्या, स्टँड, गाड्याचे पाय. आयटीआयच्या सरांनी म्हटलंच होतं, "सुजाता, वेल्डिंगला मुलगी कोण घेणार?" घेतली ती करीमचाचांनी. शॉपचे उस्ताद. आणि आज त्यांनीच वाफेच्या टाकीचा जोड मारायला दिला. लहान टाकी, पण टाकी.

मग शिकाऊच्या कामाला असते ती टेस्ट. टाकीत काठोकाठ पाणी भरायचं, हातपंपानं दाब चढवायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा पडला म्हणजे जोड गळतोय. माझा हलला नाही. चाचांनी काडेपेटी हातात ठेवली. शॉपची रीत आहे, नव्या टाकीखालची पहिली आग जोड मारणाऱ्यानंच पेटवायची आणि वाफ निघेपर्यंत शेजारी उभं राहायचं. बाकीचे सगळे भिंतीपलीकडे. "टाका जिसका, आग उसकी," चाचा म्हणाले. टाका म्हणजे जोडच. भीती वाटत होती. उभी राहिले.

आईला फोन केला. "पेटवली" एवढंच ऐकून तिला वाटलं, मी शॉपच पेटवलं.

(यापुढे करीमचाचा = क.चा. हात फार दुखतोय.)


१७ फेब्रु., मंगळ.

क.चां.नी चहा कपाऐवजी बाकावर ओतला. हसले. मीही हसले. दुपारी माप घेताना टेप माझ्याकडे दिली, "तू पढ, मेरा चष्मा घर पे रह गया." चष्मा खिशात होता. मला दिसत होता.

असेल. वय झालं.


१९ फेब्रु., गुरु.

आज पहिला रोजा. रस्त्यावर शिवजयंतीची मिरवणूक, डीजेनं शॉपचे पत्रे थरथरत होते. क.चा. पाण्याचा घोट न घेता दिवसभर रॉड जाळत बसले. सिद्धेश्वरकडच्या बालाजीभाऊंची मोठी टाकी. सगळे मुख्य जोड क.चां.चे. संध्याकाळी जोडावरची खपली ठोकून काढायचं काम माझं.

हातोडी मारत मारत गेले आणि थांबले.

जोड सरकलाय. दोन पत्र्यांच्या मधोमध जायला हवा तो एका पत्र्यावर चढलाय, दुसऱ्याला नुसता टेकलाय. जवळजवळ वीतभर. वरून दिसायला जाड, देखणा. आत पकडच नाही. टॉर्च लावून बघितलं, बोट फिरवलं, परत बघितलं.

क.चां.ना फट दिसलीच नाही.

आणि उस्तादाच्या टाक्याला पाण्याची टेस्ट नसते. ही पण शॉपची रीतच, त्यांचा जोड कधी गळलाच नाही म्हणून. सोमवारी बालाजीभाऊ नारळ घेऊन येणार, आग पेटणार. पेटवणार कोण? टाका ज्याचा. म्हणजे हा फुटला तर शेजारी क.चा.च असणार. वाफेनं सोललेला माणूस मी बघितला नाही, नुसतं ऐकलंय. ऐकलेलंच पुरे.

जिच्याकडे राहते ती मावशी विहारातून आली तर माझं ताट तसंच. "काहून गं, जेवून न्हाई राहिली? कोनी बोललं का तुला?" कुणी काही बोलत नाहीये, तीच तर अडचण आहे.


२० फेब्रु., शुक्र.

शेठना सांगितलं तर चाचा संपले. शेठ हार घालतील, फोटो काढतील, आणि दुसऱ्या दिवशी गेटाशी म्हणतील, करीमभाई आता आराम करा. चाचांनाच सांगायचं तर तोंड उघडत नाही. ज्यानं माझं मनगट धरून रॉड चालवायला शिकवलं त्याला कसं म्हणू, की तुमचा

आणि नाही सांगितलं तर सोमवार आहेच.

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी ग्राइंडर घेऊन. खरंच घेतला. जुम्म्याच्या नमाजाला क.चा. मशिदीत, शेठ बँकेत, पोरं डबे खायला बाहेर. तेवढा तुकडा खोदून काढला आणि नव्यानं भरला.  मग घासला, वर राख आणि धूळ चोळली, नवी चमक दिसू नये म्हणून. चोरासारखी. दुरुस्ती केली की चोरी, मलाच ठरवता येईना.

क.चा. परत आले. सवयीप्रमाणे टाकीवरून हात फिरवत चालले. त्या जागी बोट थांबलं. मग पुढे गेलं. 


२१ फेब्रु., शनि.

दुपारी डबा उघडला आणि तसाच मिटला. तो जोड आता माझा आहे. शिकाऊचा. पण जाणार उस्तादाचा म्हणून, बिनटेस्ट. आणि शेजारी उभे राहणार क.चा. मी त्यांना वाचवलं, की माझ्या टाक्याच्या तोंडी दिलं? कालपर्यंत त्यांच्याच चुकीपाशी उभे राहिले असते. आता माझ्या.

टेस्ट करून घ्यायची तर टाका माझा आहे हे सांगावं लागेल. ते सांगितलं की का काढला, तेही सांगावं लागेल. धरलं तर चावतंय.

शेठना आडून विचारलं, "मोठ्या टाकीला पाणी लावून बघायचं का?"

"कोनाच्या टाक्याला? करीमभाईच्या? येडी झाली का? त्यांनला काय वाटल! आन् पानी भरन्यात अर्धा दिवस जातो. सोमवारी गिऱ्हाईक येऊन राहिलं." मग हसत हसत, "अप्रेंटिसच्या परीक्षेच्या फॉर्मवर सही पायजे ना तुला? मग गुमान काम कर."

धमकी नव्हती बहुतेक. बहुतेक.


२२ फेब्रु., रवि.

संध्याकाळी क.चां.च्या घरी गेले. रोजा नुकताच सुटला होता. चाचींनी खजूर, भजी पुढे केली. "खा बेटी, सुख गई तू."  चाची आत गेल्या तसं सगळं सांगून टाकलं. सरकलेला जोड, ग्राइंडर, राख, सगळं. "चाचा, उद्या आग पेटवू नका. आधी पाणी लावा."

वाटलं ओरडतील.  खजुराची बी बोटांत फिरवत राहिले.

"मेरे टाके को ग्राइंडर लगाई."

"हो."

"पूछी नै."

"चाचा, तुम्हाला दिसून नव्हतं राहिलं म्हणून..."

"मैं आँख का नै बोल रहा. पूछी नै." आणि उठून आत गेले. चाचींना कळेना काय झालं. मलाही बसवेना.

खरं होतं तेच सांगितलं, बरोबर होतं तेच केलं, मग ऑटोत रडू का आलं? त्यांचा राग आला. खड्ड्यात घाला म्हणावं तुमचा तो मान, उद्या जीव जाईल तेव्हा कोण विचारणार आहे

असं लिहू नये. खोडत नाही, पण लिहू नये.


२३ फेब्रु., सोम.

सगळं आजच लिहून ठेवते.

बालाजीभाऊ आणि त्यांची बायको टेम्पोतून आले. टाकीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. शेठनी सगळ्यांना भिंतीपलीकडे हाकललं. चुलीपाशी क.चा. एकटे, हातात काडेपेटी. सकाळपासून माझ्याशी एक शब्द नाही. माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

मी गेले आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"ए सुजाता! इकडं ये! तुझं काय काम हाय तिथं?" शेठ भिंतीआडून.

हलले नाही. तोंड उघडलं तर चाचांचं नाव जातं, गप्प राहिले तर चाचाच जातात. उभं राहणं तेवढं हातात होतं. टाका माझा, तर जागा माझी. खूप भीती वाटत होती. गेल्या सोमवारी ह्याच जागी होती ती भीती कौतुकाची, आजची निराळी.

क.चां.नी काडी काढली. माझ्या दिशेला बघितलं. मला बघितलं की नाही, सांगता येत नाही. काडी परत पेटीत ठेवली.

"शेठ, पानी लगाव."

"काहून? टाका तं तुमचाच हाय ना!"

"पोरी का है. मेरेकू फट दिखी नै. उनो मेरा निकालके फिरसे मारी." सगळ्यांसमोर. आवाज अगदी साधा, चहा सांगावा तसा.

 बालाजीभाऊंच्या बायकोनं उगीच पदर सारखा केला. शेठ पोरांवर ओरडले, पाइप आणा.

पाणी भरलं. मी पंप मारला. काटा चढला, थांबला. मग हलला. जरासाच. मग आणखी.

मला दरदरून घाम. माझ्या जोडावरून हात फिरवला: कोरडा. परत फिरवला. कोरडाच. काटा मात्र उतरतोय. शेवटी थेंब सापडला तो खाली, बुडाच्या जोडावर. तोही चाचांचाच. तो मी गुरुवारी नीट बघितलाच नव्हता. मला एक चूक सापडली आणि मी तेवढ्यावर शहाणी झाले होते. तशीच आग पेटली असती तर आम्ही दोघंही तिथंच उभे होतो.

क.चां.नी थेंबाखाली बोट धरलं. ओलं बोट शर्टाला पुसलं. काडेपेटी माझ्या हातात दिली, सायकल काढली आणि गेले. "उस्ताद, ऐका तं!" शेठ मागून. थांबले नाहीत.


२४ फेब्रु., मंगळ.

क.चा. आले नाहीत. फोन बंद.

शेठ म्हणाले, "बुडाचा जोड आता तूच मार. पानी लावू, आग बी तूच पेटव. फॉर्म आन, सही करून देतो. आता तूच उस्ताद." ह्या शब्दासाठी किती जीव टाकला होता. आज ऐकला आणि नकोसा झाला. मागे पोरं खुसखुसत होती, "उस्तादीन बाई". ग्राइंडर उचलला, खाली ठेवला, डोकं दुखतंय सांगून निघाले.

क.चां.च्या घरी गेले. चाची दारातच. "सो गये बोले." चाचांच्या चपला उंबऱ्यापाशी होत्या आणि आत खोकला ऐकू आला. म्हटलं, ऐकू जातंय ना, मग बास.

दारातूनच मोठ्यानं सांगितलं, "चाचा, बुडाचा जोड खोलायचाय. विचारायला आले. तुम्ही हो म्हटल्याशिवाय हात लावणार नाही."

पुन्हा खोकला. बाकी काही नाही. चाचींनी डोळ्यांनीच खुणावलं, जा आता. "आँख का डॉक्टर को भी नक्को बोल रहे," हळूच म्हणाल्या.

हे त्या दिवशी विचारायला हवं होतं हे कळतंय मला. जुम्म्याला निघताना नुसतं म्हणायचं होतं, चाचा, इथे जरा बोट लावा. बोटाला तर त्यांच्या सगळं दिसतं.


२५ फेब्रु., बुध. (दुपार, शॉपवरच)

बालाजीभाऊंचे सकाळपासून फोनावर फोन. हळद काढून पडलीय, ऊन चढतंय, मजूर बसून आहेत. त्यांचं खरं आहे. त्यांच्याशी बोलताना माझाच आवाज बारीक होतो.

टाकी उलटी करून ठेवलीय, बुडाचा जोड वर. खडूनं खूण केलीय. वायर जोडलेली. काडेपेटी खिशात आहे, परवापासून काढलीच नाही.

"कोनाची वाट बघून राहिली?" शेठ.

"विचारायचं राहिलंय."

"त्याला? तो न्हाई येत आता. मी वळखतो त्याला." मग आवाज चढला. "बाजूच्या शॉपवरून मानूस बोलावलाय मी. तो यायच्या आत सुरू न्हाई केलं तं सही-बिही इसरून जाय."

फॉर्म त्यांच्या टेबलावर आहे, पान्याखाली दाबलेला. परवापर्यंत भरायचाय. बाजूच्या शॉपवरचा माणूस बरा आहे हातानं, पण तोही चाचांना विचारणार नाही.

रस्त्यानं सायकली फार जातात. प्रत्येक वेळी मान वळते. गेटातून आत एकही वळलेली नाही.

ग्राइंडर मांडीवर घेऊन बसलेय. अजून सुरू केला नाही.