डावीकडची नजर

१४ नोव्हेंबर, दुपार

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. वहिनीला आठवण सांग. माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमी. चष्मा नवा केला, त्याची हकीगत पुढे येईलच. खालच्या शिंप्याने मशीन बदललंय, खडखड कमी झाली, त्यामुळे दुपारी डोळा लागतो. तुमच्याकडचं रंगकाम आटोपलं की अजून सामान मधल्या खोलीतच?

फोन सोडून पत्र काय लिहीत बसली ही बया, असं म्हणशील. फोन केला की वहिनी उचलते, "ते गडबडीत आहेत, काय निरोप देऊ?" म्हणते, आणि मी "काही नाही गं, सहज" म्हणून ठेवून देते. हे सहज नाही. पत्र एकटा असताना वाच.

आधी कामाचं. मॅनेजरने नव्या नाटकाची अर्कचित्रं सांगितली आहेत. पहिल्या प्रयोगाआधी नेहमीसारखी सगळी लॉबीत लागायला हवीत. नायिकेची हनुवटी यंदा इतकी वर गेलीय की तिच्यावर कप ठेवावा. आधी फुरंगटली, मग आईला दाखवायला स्वतःच फोटो काढून घेऊन गेली. खलनायकाला त्याचं पोट पसंत नाही. "ताई, एवढं आहे का हो?" म्हणे. मी म्हटलं, "जास्त आहे, पण कागद पुरला नाही." सगळ्यांची झाली. तुझं तेवढं द्यायचं राहिलंय.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. तालमीत अंधारात बसायचं, कागदाकडे न बघता पेन्सिल चालवायची, पद संपलं की कागद पालटायचा. घरी आल्यावर सगळे कागद जमिनीवर पसरायचे आणि जे पुन्हा पुन्हा उमटलंय ते मोठं करायचं. नट जाणूनबुजून करतो ते मी सोडून देते, नकळत करतो ते घेते. आजवर तुझी तानेबरोबर चढणारी भुवई घेतली, आणि ते नाक. नाकावरून केवढा रुसला होतास! ते चित्र उतरवल्याशिवाय लॉबीतून जाणार नाही म्हणून मागच्या दाराने ये-जा करत होतास.

यंदा कागद पसरले तर भुवई कुठेच नाही. नुसते डोळे. बुबुळं खाली आणि डावीकडे, प्रत्येक कागदावर, पद कुठलंही असो. मला वाटलं आता वय झालं, माझाच हात एका जागी अडकायला लागला. म्हणून चष्मा बदलला. नव्या चष्म्यातूनही तेच. मग म्हटलं, नायिकेकडे बघत असेल. मागच्या नाटकात ती डावीकडेच बसायची, आणि तिच्यावरून न हटणाऱ्या तुझ्या नजरेचं लोकांनी किती कौतुक केलं होतं. पण या नाटकात ती उजवीकडे आहे, झोपाळ्यावर. डावीकडे फक्त ऑर्गन आहे.

१५ नोव्हेंबर, सकाळ

काल तिथेच थांबले. उगाच कपाट आवरलं, पेन्सिलींना टोकं केली, शिंप्याशी गप्पा मारून आले. आता लिहूनच टाकते.

गेल्या आठवड्यात ऑर्गनवाल्या मास्तरांना त्यांचं चित्र दाखवायला गेले. त्यात मी त्यांचा हात पट्ट्यांच्या वर, पार खांद्यापर्यंत उचललेला काढलाय. चेष्टेनेच म्हटलं, "मास्तर, पूर्वी हात पट्ट्यांना चिकटलेला असायचा. आता पद सुरू करताना हे काय, कुणाला टाटा करता?"

ते हसले नाहीत. "हे लावू नका, ताई."

"का? बिघडलंय?"

"छान झालंय, म्हणून म्हणतो. हे आणि त्याचं चित्र शेजारी लागलं तर कुणालाही कळेल."

"काय कळेल?"

त्यांनी ऑर्गनचं झाकण लावलं. "तुम्ही त्याची बहीण. मला कशाला बोलायला लावता?"

बाबांचं असंच सुरू झालं होतं. आपण बोलायला लागलो की ते आपल्या ओठांकडे बघायचे आणि सगळे हसले की मागून हसायचे. धाकट्या, तुला ऐकू येईनासं झालंय.

घे, लिहिलं एकदाचं.

तुला वाटत असेल, मास्तरांचा हात तू चोरून बघतोस. अरे, ते तुला दाखवत होते. हात वर गेला की तयार हो, खाली आला की सूर लाव. एवढं ते करत आलेत आणि कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

म्हणून तर वाद्यं पडद्यामागे न्यायचं ठरलं तेव्हा ते एकटे अडून बसले. "मी समोरच बसणार," एवढंच म्हणत राहिले. आणि तू सगळ्यांदेखत काय बोललास? "मास्तरांना या वयात तोंड दाखवायची हौस आलीय." सगळी तालीम खो खो हसली. मीही हसले रे. ते मान खाली घालून पट्ट्या पुसत होते.

परवा दिग्दर्शकाने त्यांना निर्वाणीचं सांगितलं, मागे बसा नाहीतर मी दुसरा वादक बघतो. मास्तर म्हणाले, "बघा." खरं कारण सांगितलं असतं तर त्यांचं काम राहिलं असतं. ते तुझ्यासाठी गप्प बसले.

मला तुझा राग आलाय, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटतेय. पहिल्या प्रयोगाला पडद्यामागे सूर लागेल, तू डावीकडे बघशील आणि तिथे कुणी नसेल. भरल्या थिएटरात मी तुला तसं उभं राहिलेलं बघू शकणार नाही.

मास्तरांच्या घरी जा. चिठ्ठी नको, वहिनीला पुढे घालणं नको, स्वतः जा. मग दिग्दर्शकाला सांग की मास्तर समोर बसले तरच मला गाता येतं, आणि का ते सांग. कदाचित भूमिका जाईल. जाऊ दे असं मी म्हणणार नाही, गाणं म्हणजे तुला काय आहे ते मी लहानपणापासून बघतेय. डॉक्टरकडे मी बरोबर येईन. कानाचं मशीन लावायची लाज वाटत असेल तर एक माझ्यासाठीही घेऊ, शेजारी बसून लावू.

तुझं चित्र सोबत पाठवतेय. माझ्या हातून इतकं चांगलं कधी झालं नव्हतं आणि ते काढताना मी रडत होते. दुसरी प्रत नाही. तू स्वतः सगळ्यांना सांगितलंस तर आणून दे, मास्तरांच्या चित्राशेजारी लावू. नाहीतर फाड, मी विचारणार नाही. मॅनेजरला तुझी चौकट रिकामी मिळेल. फक्त डोळे बदलून दे असं म्हणू नकोस, ते माझ्याच्याने होणार नाही.

रविवारी ये. खिडकीजवळ, उजेडात बसू. माझ्या तोंडाकडे हवं तेवढं बघ, मी सावकाश बोलेन. समजलं नाही तर "काय?" म्हणून विचार. शंभरदा विचार.

पुन्हा पुन्हा सांगायला तयार असलेली,
तुझी ताई