उंच खुर्ची

आई, तुझ्या खुब्याबद्दल मी आजवर कुणाशी धड बोललो नाही. पहिला कृत्रिम सांधा सिमेंटनं बसवलेला, तो काही वर्षांत सैल झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी तो काढून नवा घातला, सिमेंटशिवाय. "आता तुमचं हाडच या धातूला धरेल," ते म्हणाले, "पण तीन महिने त्या पायावर भार नको आणि जमिनीवर अजिबात बसायचं नाही. सांधा सरकला तर पुन्हा नीट चालाल याची हमी नाही." तू म्हणालीस, "रोप रुजेस्तवर त्याला कोन हलवतं, डॉक्टर?" कर्जतच्या सुताराकडून मी उंच खुर्ची करून आणली. वस्तीत तेवढी एकच. तिच्यावर बसून तू तांदूळ निवडायचीस आणि "कुबडी कवा सुटंल रं?" म्हणून मला पिडायचीस.

दुसरा महिना संपता संपता बुद्धपौर्णिमा आली. पुढारपणाची हौस मलाच. खालापूरच्या कचेरीतल्या माझ्या साहेबांना मी बोलावून बसलेलो. विहारात सगळे सतरंजीवर, तू तेवढी घरून आणलेल्या त्या खुर्चीवर. मी तुझ्या कानाशी वाकतो. "आई, मूर्तीसमोर उंच बसणं बरं दिसत नाही. वंदनेपुरती खाली बस."

"डॉक्टर नको म्हनलाय रं."

"पाचच मिनिटं."

तू माझ्याकडे बघतेस, कुबडी माझ्या हातात देतेस आणि धरत धरत खाली बसून मांडी घालतेस. पंचशील संपेपर्यंत तू हूं की चूं केलं नाहीस. उठवायला गेलो तर पाय आखडून आत वळलेला, आणि तुझा चेहरा पांढराफटक.

टेंपोत घालून तुला मुंबईला नेलं. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरतात. "खाली बसला होतात?" मी भिंतीकडे बघत उभा. "नाय डॉक्टर," तू म्हणतेस, "न्हाणीत पाय सरकला." त्यांनी सांधा जागेवर आणला. पुढं हाडानंही हळूहळू धातूला धरलं, पण तोवर सांध्याचा मांडीच्या हाडातला दांडा खाली रुतला होता. पाय बोटभर आखूड राहिला आणि कुबडी शेवटपर्यंत सुटली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला तू न्हाणीचीच गोष्ट सांगायचीस. मला एक शब्द बोलली नाहीस, त्याचाच मला अजून राग येतो.

हा कागद कुठं जायचा नाही, तेव्हा ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मूर्तीचा मान हे निमित्त होतं, आई. साहेबांना बसायला खुर्ची हवी होती. तू खाली बसलीस तशी मी तीच उचलून त्यांच्यासाठी मूर्तीसमोर मांडली, आणि सतरंजीवरून तू ते बघत होतीस.