जिन्नाची हजेरी

झाई, ३ नोव्हेंबर २०२५

ती. सुदर्शनमामास,
शि. सा. न. वि. वि.

एसटीच्या कंडक्टरकडे चिकूचं खोकं दिलंय. तळाला माझ्या कॉमिकची बारा पानं आहेत. जतीनला दे. पायाला प्लास्टर आहे तोवर तो पळून जाऊ शकत नाही.

गोष्ट अरबस्तानातली आहे. उंट मी बघितला नाही, म्हणून आमच्या बैलाचीच मान लांब केली. जहाजावर जिन्न रोज हजेरी घेतो. जो ओ देईल तो सुरईत जातो. नूरी तेवढी उरते, कारण तिच्या तोंडून शब्दच फुटत नाही.

लोभ आहेच, चिकू खाऊन वाढवावा.
तुझी विनिता

डहाणू रोड, ७ नोव्हेंबर

चि. विनिताला,
अनेक आशीर्वाद.

पानं पोचली. जिन्नाचा धूर झकास, हाताला चिकटतो. मामी म्हणते तो चिकूचा चीक आहे.

आता कामाचं. दहावीला बाहेरून बसायचा तुझा सतरा नंबरचा फॉर्म मी भरलाय. शनिवारी २२ला तलासरीच्या केंद्रावर कागद तपासायला नावं पुकारतील. ओ दिली नाहीस तर वर्ष गेलं. नववीत रोज बाकावर बसून गैरहजर लागलीस आणि त्यापायी शाळा सुटली, हे आपल्या घराण्यात फक्त तुलाच जमलं. मी सोबत येईन. पण तुझ्या नावाला मी ओ देऊ शकत नाही. मला मिशी आहे.

माया आहे तशीच आहे.
तुझा मामा

झाई, ११ नोव्हेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मी येणार नाही. नाव पुकारलं की सगळे माना वळवून बघतात.

शेवटचं पानही होत नाही. नूरीने ओ दिली तर ती सुरईत, नाही दिली तर बाकीचे कायमचे आत. जतीनला सांग, कॉमिक संपलं.

रागावलास तरी लोभ ठेव.
विनिता

डहाणू रोड, १५ नोव्हेंबर

विनिताताईस,
सा. न. (पप्पांनी सांगितलं म्हणून.)

असं कसं संपलं? नूरी आत गेली तर काय होतं? आत आधीच अकरा जण आहेत. सगळ्यांनी मिळून बूच ढकलायचं. एवढे दिवस उघडलं नाही कारण एक माणूस कमी पडत होता. प्लास्टरमध्ये मी एकटा आहे, म्हणून मला माहीत आहे.

तुझा उंट म्हैस दिसतो. बाकी चांगलं आहे.
जतीन

झाई, २४ नोव्हेंबर

चि. जतीनला,
खूप आशीर्वाद.

शनिवारी तलासरीला गेले. माझ्या आधी बायजी नावाच्या एक ताई होत्या, कडेवर पोर घेऊन. त्यांचं नाव पुकारलं तर आधी पोरानेच ओ दिली. सगळे माना वळवून त्याच्याकडे बघत होते, तेवढ्यात माझं नाव आलं. मामा नुसताच खोकला. मग मी म्हटलं. सरांना ऐकू गेलं नाही, म्हणून परत म्हणावं लागलं. म्हणजे दोनदा झालं.

शेवटचं पान ह्यावेळी चिकूच्या वर ठेवलंय. बूच उडालेलं आहे. धुराला चीक मी मुद्दाम लावलाय. उंट तसाच आहे.

पाय बरा झाला तरी लोभ कमी करू नकोस.

हजर,
विनिताताई