मान डोलावण्याचा सराव

२ सप्टेंबर
सुहैबचं जमलं. मुलगी लुजैन, अबू तायेह मास्तरांची. पंधरवड्यात गावातली वडील मंडळी घेऊन रीतसर मागणी घालायला जायचं. मंडळींच्या वतीने बोलणार कोण, हा प्रश्नच येत नाही. भाऊ गेल्यापासून पोराला बापाच्या जागी मीच. शिवाय या साल्ट गावात माझ्यासारखा आवाज आहे कोणाचा? कापडाच्या दुकानात बसून रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाशी घासाघीस केलेला माणूस मी.
भाषण लिहायला घेतलं. आदम आणि हव्वेपासून सुरुवात करावी म्हणतो. विषय लग्नाचाच आहे.

४ सप्टेंबर
सुहैब आला. खजुराचा डबा घेऊन आला, तेव्हाच ओळखायला हवं होतं. म्हणाला, काका, तुम्ही पुढे बसा, बोलायचं अबू रकान बघतील.
अबू रकान. गुरांचा डॉक्टर. जन्मभर मेंढ्यांशी बोलला, आणि त्यांनीही कधी उत्तर दिलं नाही.
माझ्यात काय कमी आहे, असं विचारलं. कमी काही नाही काका, म्हणाला, जास्त आहे. मागच्या मागणीच्या वेळी तुमचं चालू असताना यजमान झोपले.
झोपले नव्हते. डोळे मिटून ऐकत होते.
अबू रकान म्हणे ऐकून घेतात. ऐकायला अक्कल लागते थोडीच? कान गाढवालाही असतात, चांगले लांबलचक.
यजमानांची कॉफी समोर आली की कपाला हात लावायचा नाही, ‘मुलगी दिली’ हे शब्द कानावर पडले की मगच प्यायची, एवढं तरी त्या डॉक्टरला ठाऊक आहे की नाही देव जाणे. असल्या रीती माझ्याकडून शिकाव्यात.
खजूर चांगले होते. सगळे खाल्ले.

८ सप्टेंबर
ऐकणं म्हणजे काही आभाळातून पडलेली विद्या नव्हे. फोनवर एका बाईचा व्हिडिओ पाहिला. समोरच्याच्या डोळ्यांत बघा. मध्ये तोंड घालू नका. अधूनमधून मान डोलवा. पाठीमागे कोणाबद्दल बोलू नका. बस, एवढंच. आजपासून सुरू. मी कसा ऐकतो हे एकदा गावाने बघितलं की त्या अबू रकानला मेंढ्यासुद्धा विचारणार नाहीत.

११ सप्टेंबर
बायकोवर सराव केला. फिद्दा भेंडी निवडायला बसली आणि बोलू लागली. मी समोर बसलो. डोळ्यांत डोळे. पापणी लवू दिली नाही. बरोबर आहे म्हटलं, अगदी खरंय म्हटलं. मध्येच तिने काही विचारलं तेव्हा फार समजूतदारपणे मान डोलावली. नक्की ना, म्हणाली. नक्की, म्हटलं. तिचे डोळे भरून आले, ओल्या हातानेच माझ्या खांद्यावर थोपटलं. इतक्या वर्षांच्या संसारात असं झालं नव्हतं.
व्हिडिओ पक्का आहे. ती कशाबद्दल बोलत होती ते मात्र नीट कळलं नाही. सगळं लक्ष मानेकडे होतं.

१४ सप्टेंबर
दाढी करायला गेलो होतो. बाहेरून अबू रकान गेला तर बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. मी आत येताना एकाने फक्त पाय आखडले होते, तेही मला जाता यावं म्हणून.
न्हाव्याने सहज विचारलं, लग्न ठरलं का हो? मी एवढंच म्हटलं, की अबू तायेहने लेक जुन्या मर्सिडीजसारखी झाकून ठेवली होती, चांगलं गिऱ्हाईक येईपर्यंत. आता हा डॉक्टर जाऊन तिचे दात बघणार. सगळे हसले. कितीतरी दिवसांनी माझ्या बोलण्यावर कोणी हसलं.
ही चहाडी नव्हे. पाठीमागे बोलायचं नाही हा नियम घराला लागू आहे, न्हाव्याच्या दुकानाला नाही. उद्यापासून तिथेही लागू.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
जाऊन आलो. मी पुढेच बसलो होतो, पण खांबाआड.
अबू रकान उठला. मोजून तीन वाक्यं. मुलगा चांगला आहे, तुमचं घर चांगलं आहे, लेक आम्हाला द्या. झालं. हव्वेचं नावसुद्धा नाही. कॉफी आली, सगळ्यांसमोर कप ठेवले गेले.
अबू तायेह मास्तर म्हणाले, हो म्हणण्याआधी एक विचारतो. माझी लेक जुनी मर्सिडीज आहे असं गावात बोलतात. हे तुमच्याकडून निघालं का?
माझ्या हाताने आपणहून कप उचलला. कडू होती. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.
कप खाली ठेवला तेव्हा सुहैबचा चेहरा न धुतलेल्या भांड्यासारखा झाला होता.
अबू रकानने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, मास्तर, शब्द आमच्याच बाजूकडून गेला. माफी मागतो. तुमच्या मनात असेल ते आधी बोला, आम्ही बसलोय.
मास्तर बोलू लागले. लेकीची आई लवकर गेली, वेणी घालायला ते कसे शिकले, शेजारणी कशा हसायच्या, सगळं. अबू रकान नुसता ऐकत होता. मान एकदाही डोलावली नाही. त्याने व्हिडिओ पाहिलेला दिसत नाही.
शेवटी मास्तरांनी डोळे पुसले. लेक दिली, म्हणाले. घ्या कॉफी. एकाने तर घेतलीच आहे.
सगळे हसले. कुनाफ्याची मिठाई आली.
म्हणजे वातावरण सैल झालं ते माझ्या कपामुळे. पण हे कोणी बोलून दाखवेल तर शपथ.

२० सप्टेंबर
फिद्दाला म्हटलं, मला बोलू दिलं असतं तर हा प्रसंगच आला नसता.
ती म्हणाली, म्हणजे काय? अहो, भेंडी निवडताना सांगितलं नव्हतं का? अबू रकानांचा फोन आला होता. पोराला बाप नाही, बोलायचा मान काकांचा, सुहैबची समजूत मी घालतो, म्हणाले. फक्त त्यांची तयारी आहे का विचारा. मी तुम्हाला म्हटलं, बोलताय तुम्ही, की त्यांनाच बोलू दे? त्यांनाच बोलू दे म्हणून कळवू ना? तुम्ही मान डोलावलीत. नक्की ना विचारलं, तर नक्की म्हणालात. मला वाटलं, या माणसाने आयुष्यात एकदा तरी मनाचा मोठेपणा दाखवला. रडूच आलं मला.

२२ सप्टेंबर
ठरलं. उद्या अबू रकानकडे जायचं. मर्सिडीजचं तोंडावर कबूल करायचं आणि मग तो म्हणेल ते गुपचूप ऐकायचं. तिथून मास्तरांकडे. काय बोलायचं ते लिहायला घेतलंय. आदम आणि हव्वेपासून सुरुवात करावी म्हणतो.
फिद्दा स्वयंपाकघरातून काहीतरी सांगते आहे. अबू रकान, दारात, असे शब्द कानावर आले. ती इथून दिसत नाही, तरी मी मान डोलावली आहे. एवढं पान संपवतो आणि विचारतो.